जाम झालेला फिल्टर आणि माझे १३,६०० रुपये

साडेचारशे रुपयांचा पेट्रोल फिल्टर बदलायला गेलो आणि १३,६०० रुपये मोजून आलो. वर फिल्टर बदललाच नव्हता. स्टाफरूममध्ये सगळे विचारतात, सर, तुम्हाला कळलं कसं नाही? तर कसं कळलं नाही, तेच सांगतो.

गाडी २००५ ची मारुती एस्टीम, वडिलांची. तिची बरीच वर्षं रत्नागिरीत गेली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडखाली. वरून बघाल तर रंग अजून झकास. खालून मात्र खाऱ्या वाऱ्यानं आणि चार-चार महिन्यांच्या पावसानं जे करायचं ते करून ठेवलेलं. वडील गेल्यावर ती कोल्हापूरला आणली. विकायचं मन होईना, म्हणून पुनर्नोंदणीही करून घेतली.

गेल्या डिसेंबरात रत्नागिरीहून परत येताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि गाडीनं मान टाकली. सपाटीला ठीक, चढावर पाय दाबला की धक्के. जरा थांबलं की पुन्हा दहा मिनिटं बरी. घरी आल्यावर शेजारच्या पोरानंच सांगितलं, "काका, फिल्टर चोक असंल." निदान बरोबर होतं. तिथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

शहराबाहेर एक गॅरेज आहे. नाव देत नाही. मेस्त्री बोलायला गोड, वयानं माझ्यापेक्षा लहान. फिल्टर ४५०, मजुरी ३००, तासाभराचं काम, असं म्हणाला. मी बाकड्यावर बसून पेपर वाचत होतो. एस्टीमचा फिल्टर गाडीच्या पोटाखाली, टाकीजवळ असतो. त्याला लोखंडी नळी नटानं आवळलेली असते. मेस्त्री साध्या फिक्स पान्यानं तो नट ओढत होता. एकदा पाना सटकल्याचा आवाज आला, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा शिवी ऐकू आली. मग हातोड्याचे टोले. तेव्हाच उठून खाली वाकून बघायला हवं होतं. मी पान उलटलं.

अर्ध्या तासानं तो हात पुसत आला. "सर, नट पार जाम हाय. आन् नुसत्या फिल्टरचं काम न्हाई ह्ये. पंप गेलाय. टाकी उतरवाय लागतीय."

मी विचारलं, टाकीतला पंप कसा गेला?

"आता पेट्रोलात इथेनॉल येतंय न्हवं? वीस टक्के. तुमच्या गाडीला त्ये सोसंना."

इथं मी फसलो. कारण यातलं अर्धं खरं होतं. पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत, हे मीही वाचलं होतं. उसाच्या पट्ट्यात राहतो, कारखान्यावर इथेनॉलचा प्रकल्प कुणाच्या गावात नाही? निव्वळ थाप असती तर कदाचित संशय आला असता. आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट कुणी बोलला की आपण त्याला जाणकार समजतो, तसं माझं झालं. शिवाय समोर आणखी दोन गिऱ्हाईकं बसलेली. "दाखव मला खाली" म्हणावं तर आपल्याला त्यातलं काही कळत नाही हे चारचौघांत उघडं पडणार. पैशापेक्षा ती लाज मला महागात पडली.

"गाडी ठेवून जावा सर, परवा फोन करतो," म्हणाला. मी रिक्षानं घरी आलो.

परवाचे चार दिवस झाले. गेलो तेव्हा गाडी धुऊन पुसून उभी होती. एका खोक्यातून त्यानं जळका पंप काढून दाखवला. प्लॅस्टिक वितळलेलं, एका वायरीला पिवळी टेप गुंडाळलेली. "ह्यो बघा तुमचा जुना. वास घ्या." मी वास घेतला. पेट्रोलचा आणि जळक्याचा आला, दुसरा कसला येणार? मग बॅटरी मारून गाडीखाली चकचकीत चंदेरी फिल्टर दाखवला. लांबूनच. पंप, फिल्टर, लाइनचं काम, टाकी उतरवायची मजुरी मिळून १३,६००. "रोखच द्या सर, ऑनलाइनचं आज गंडलंय." पावती म्हणून वहीच्या कागदावर 'पेट्रोल काम' आणि आकडा. ना गॅरेजचं नाव, ना गाडीचा नंबर.

आणि गाडी चालली, हे विशेष. महिनाभर मी त्याची तारीफ करत फिरलो, दोघांना नंबरही दिला. जानेवारीच्या शेवटी पुन्हा घाटात तेच धक्के, आणि या वेळी आत पेट्रोलचा वास. बायको म्हणाली, काच उघडा नाहीतर मला उतरवा.

आमच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी आधी मला चावी काढायला लावली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, मग पोतं अंथरून गाडीखाली शिरले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, इकडे ये. आडवा हो. लाजू नको."

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या गाडीखाली झोपलो. काकांनी नखानं फिल्टर खरवडला. चंदेरी रंगाची साल निघाली आणि खाली गंज. तोच जुना फिल्टर, वरून स्प्रे मारलेला. नटाच्या सहाही कडा गेलेल्या, सुपारीसारखा गुळगुळीत झालेला. पाना सटकवून मेस्त्रीनं तो गोल केला, मग तो निघेना, तेव्हा वीतभर अलीकडे लोखंडी नळीच कापली. आता नवा फिल्टर बसवायचा तर नळीला नट लागतो, आणि नट तर जुन्या फिल्टरला चिकटलेला. मग फिल्टर नळीच्या तुकड्यासकट काढला, उलट्या बाजूनं हवा मारून घाण थोडी उडवली, रंग दिला आणि परत बसवून मध्ये रबरी पाइपचा जोड दिला. साधा पाइप, साध्या क्लिपा. या गाडीत पंप पेट्रोल दाबानं पुढे ढकलतो, त्या दाबाला तो पाइप टिकणारा नव्हता. फुगून ओला झाला होता.

"आणि टाकी?" मी विचारलं.

काकांनी टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टवर बॅटरी मारली. त्यावर रत्नागिरीची लाल माती, दगडासारखी वाळलेली. "ह्याला वीस वर्षांत कुणी पाना लावलेला नाही. टाकी न उतरवता पंप काढला म्हणजे तो जादूगार." इथेनॉलचं सांगितल्यावर हसले. "रबर खाल्लं म्हण, एक वेळ पटेल. टाकीतली जुनी घाण सुटून फिल्टर लवकर तुंबला, तेही पटेल. पंप जळायचा तर पेट्रोलचा काटा सारखा खाली ठेवून फिरलास तरी जळतो. त्याला गार ठेवणारं पेट्रोलच असतं."

जाम नट कसा काढतात, तेही त्यांनीच सांगितलं. घाईनं तो कधीच निघत नाही. आदल्या रात्री तारेच्या ब्रशनं गंज झाडायचा, गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं, सकाळी पुन्हा मारायचं. सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची वायर सोडायची. ब्रेकच्या नळ्यांसाठी एका बाजूनं चीर असलेला रिंग पाना मिळतो, तो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो. एका पान्यानं फिल्टर धरायचा, दुसऱ्यानं नट सोडायचा, नाहीतर नळीच पिळवटते. आणि कुणी गॅस कटरनं गरम करतो म्हणाला तर गाडी ढकलत का होईना, घरी न्यायची.

दुसऱ्या गॅरेजात काका स्वतः आले. नळीचा खराब तुकडा काढून नवी नळी, नवा नट, नवा फिल्टर, त्यावरचा बाण इंजिनाकडे करून. सगळे मिळून १,९००, पक्क्या बिलावर. पंप तपासला, ठणठणीत निघाला. जुना फिल्टर दोन दिवस उन्हात ठेवून काकांनी हाताच्या करवतीनं कापला. आतला कागद काळा ठिक्कर, तळाशी गंजाचा चिखल.

मग मी पहिल्या मेस्त्रीकडे गेलो. तो जराही गडबडला नाही. "सर, तवा गाडी चालली का न्हाई?" चालली होती. "मग?" मी ग्राहक आयोगाचं नाव काढलं, तर म्हणाला, "बिल हाय का?" खरं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते, जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण तिथं दाखवायचं काय? वहीचा कागद? रोख दिले, जुने भाग मागून घेतले नाहीत, एक फोटो काढला नाही. शेवटी त्यानं दोन हजार रुपये हातावर ठेवले आणि पुढच्या सर्व्हिसला सवलत देतो म्हणाला. ते दोन हजार मी घेतले. घ्यायला नको होते असं बायको म्हणते.

कापलेला फिल्टर मी शाळेत नेऊन टेबलावर ठेवला होता. मी ज्या दोघांना त्याचा नंबर दिला होता, त्यातले एक आमचेच चित्रकलेचे सर. ते बराच वेळ फिल्टर उलटसुलट करून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या गाडीचाही पंप गेला होता म्हणे. मला दाखवला की त्यानं." मी विचारलं, वायरीला पिवळी टेप होती का?

होती.