विद्यापीठाच्या सामायिक सर्व्हरवर साधे प्रोग्राम चालवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणाऱ्याला कृष्णेचा पूर टाळता येत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेल्याचे कोणी विसरलेले नाही. कराडला कोयना मिळाल्यावर निघालेली पुराची लाट सांगलीपर्यंत येताना किती पसरते आणि किती उशिरा पोहोचते, याचा अंदाज मस्किंगम पद्धतीने काढणारा सी भाषेतील छोटा प्रोग्राम मी आणि माझे पदव्युत्तर विद्यार्थी वापरतो. गेले काही महिने हे काम आम्ही विद्यापीठाच्या सामायिक सर्व्हरवर करत आहोत. हा अनुभव त्या वापराचा आहे, आणि मोठे संशोधन करणाऱ्यांपेक्षा आमच्यासारखे साधे प्रोग्राम घेऊन येणाऱ्यांसाठी तो लिहीत आहे.

शे-दोनशे ओळींच्या प्रोग्रामला असा सर्व्हर कशाला लागतो, हा प्रश्न मला सहकाऱ्यांनी अनेकदा विचारला. एका पुराचे एक गणित लॅपटॉपवर क्षणात होते, हे खरेच आहे. परंतु या पद्धतीत लाटेला टप्पा ओलांडायला लागणारा काळ आणि शून्य ते ०.५ यांमधील एक भारांक, असे दोन स्थिरांक नदीच्या नोंदींवरूनच शोधावे लागतात. त्यातच नदीचे अनेक तुकडे पाडले, येरळेसारख्या उपनद्यांचा अनिश्चित विसर्ग धरला आणि निरनिराळ्या वर्षांचे पूर घेतले, की तेच छोटे गणित लाखो वेळा करावे लागते. लॅपटॉप तेव्हा रात्रभर तापत राहतो, आणि पावसाळ्यात विश्रामबागेत वीज गेली की सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सर्व्हरवर जॉब, म्हणजे चालवायला दिलेले काम, एकदा रांगेत टाकला की आपल्या घरची वीज आणि इंटरनेट यांच्याशी त्याचा संबंध उरत नाही. माझ्या दृष्टीने या यंत्रणेचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, वेग त्यानंतर येतो.

विद्यार्थ्यांची पहिली अडचण मात्र लाटेशी किंवा रांगेशी संबंधित नव्हती. आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी सी भाषा टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (प्रोग्रामचे यंत्राला चालवता येईल अशा फाइलीत रूपांतर करणाऱ्या साधनावर) शिकवली जाते. त्यामुळे मुलांच्या प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर कोनिओ ही हेडर फाइल असते, आत स्क्रीन पुसण्याची आज्ञा असते आणि शेवटी कळ दाबण्याची वाट पाहणारी ओळ असते. सर्व्हरच्या लिनक्स प्रणालीवरील जीसीसी हा कंपायलर पहिल्याच ओळीला अशी फाइल अस्तित्वात नसल्याचे सांगून थांबतो. या ओळी काढून टाकणे सोपे आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. धरणातून ५०,००० क्युसेक विसर्ग सोडल्याची नोंद त्या पूर्णांकात भरली, तर ती उणे १५,५३६ होऊन बसते आणि नदी उलटी वाहू लागते. जीसीसीवर तोच पूर्णांक ३२ बिटांचा असल्यामुळे हा दोष आपोआप जातो. पुराची गणिते शिकवणाऱ्या प्रत्येकाने केवळ या एका कारणासाठी टर्बो सी सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्हाला मिळालेल्या सर्व्हरची खरी उणीव म्हणजे त्यावरील जुनी प्रणाली. सेंटओएस ७ या लिनक्स आवृत्तीची अधिकृत देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली, तरी तीच अजून चालू आहे आणि तिच्यासोबत येणारा जीसीसी ४.८.५ हाच मूळ कंपायलर आहे. तो सी भाषेचे जुने प्रमाण गृहीत धरतो. त्यामुळे फॉर लूपच्या कंसातच चल घोषित केला, तर हे फक्त सी-९९ मध्ये, म्हणजे १९९९ च्या प्रमाणात, चालते असे म्हणून तो प्रोग्राम नाकारतो. कंपाइल करताना प्रमाण स्पष्ट नमूद केले किंवा मॉड्यूल लोडच्या आज्ञेने नवा कंपायलर घेतला की प्रश्न मिटतो. तसेच, आपल्या लॅपटॉपच्या नव्या उबुंटूवर (दुसऱ्या लिनक्स आवृत्तीवर) कंपाइल केलेली तयार फाइल तेथे नेली तर ती जीलिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती मागत बंद पडते. म्हणून नेहमी मूळ प्रोग्राम न्यावा आणि सर्व्हरवरच कंपाइल करावा. त्यातही एक खबरदारी घ्यावी लागते. याच यंत्राच्या प्रोसेसरला साजेसा कोड बनवण्याचा मार्च-नेटिव्ह हा पर्याय लॉगिन नोडवर (सर्व्हरमधील ज्या यंत्रावर आपण प्रथम प्रवेश करतो, त्यावर) वापरला आणि जॉब जुन्या प्रोसेसरच्या नोडवर गेला, तर तो बेकायदा सूचना असा संदेश देऊन तत्काळ मरतो. साध्या प्रोग्रामसाठी ओ-२ एवढे ऑप्टिमायझेशन (कंपायलरकडून कोड वेगवान करून घेणे) पुरेसे होते.

लॉगिन नोडवर फक्त फाइली हाताळाव्यात, कंपाइल करावे आणि दोन-चार सेकंदांची चाचणी घ्यावी, एवढेच अपेक्षित असते, कारण तो नोड सर्वांचा असतो. एखाद्याने तेथेच तासभराचे गणित चालू केले की इतरांना साधी फाइल उघडायलाही वाट पाहावी लागते. मोठे काम स्लर्मच्या, म्हणजे जॉबना नोड वाटून देणाऱ्या प्रणालीच्या, रांगेत द्यायचे. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्मसारख्या महासंगणकांवरही स्लर्मच आहे, त्यामुळे इथे शिकलेले पुढे वाया जात नाही. एसबॅचने जॉब द्यायचा, एसक्यूने त्याची स्थिती पाहायची, एसकॅन्सलने रद्द करायचा, एवढे पहिल्या आठवड्यात पुरते. जॉबची फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली असेल, तर ओळींच्या शेवटच्या अदृश्य चिन्हांमुळे एसबॅच ती स्वीकारत नाही. डॉस-टू-युनिक्स ही आज्ञा तिच्यावर एकदा चालवली की काम होते.

रांगेबद्दल तक्रार करणारे बरेच असतात, पण तिचे वागणे समजून घेतले तर प्रतीक्षा पुष्कळ कमी होते. पंगतीत दोन पाने रिकामी दिसली की दोघेच आलेल्यांना लगेच बसवतात आणि दहा जणांच्या घोळक्याला पुढच्या पंगतीपर्यंत थांबावे लागते, तसेच स्लर्मही करतो. मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे होईपर्यंत मधल्या वेळात जे छोटे जॉब पूर्ण होऊ शकतील, त्यांना तो आधी घेतो. त्यासाठी आपण वेळ आणि मेमरी यांची मागणी खरी आणि नेमकी नोंदवलेली असली पाहिजे. वीस मिनिटांच्या कामासाठी सावधगिरी म्हणून तीन दिवस मागणाऱ्याला या सोयीचा लाभ मिळत नाही, आणि दुसऱ्यांचा अंदाजही त्याच्यामुळे चुकतो. स्थिरांकांच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र जॉब देण्याचा मोहही टाळावा. काही मिलिसेकंदांच्या गणितापेक्षा तो जॉब सुरू करण्याचा आणि आवरण्याचा खर्च अधिक असतो. आम्ही हजारो जोड्या एकाच जॉबमधील लूपमध्ये चालवतो आणि फक्त वर्षांनुसार जॉब अरे (एकाच फाइलीतून दिलेले अनेक सारखे जॉब) वापरतो.

ज्या गोष्टीची माहिती कोणत्याही परिचयपुस्तिकेत मला सापडली नाही आणि जी नवख्यांना सर्वाधिक गोंधळात टाकते, ती म्हणजे रिकामी राहणारी आउटपुट फाइल. एसक्यू जॉब चालू असल्याचे दाखवत असतो, पण फाइलचा आकार शून्य बाइटच राहतो, आणि विद्यार्थ्याला वाटते की प्रोग्राम अडकला. प्रत्यक्षात प्रिंटएफ या छापण्याच्या आज्ञेचे लेखन स्क्रीनवर जाताना ओळीओळीने बाहेर पडते, तर फाइलकडे जाताना ते मेमरीत काही हजार बाइट साचेपर्यंत थांबते. प्रोग्राम नीट संपला तर साठलेले सर्व शेवटी लिहिले जाते. परंतु मागितलेली वेळ संपली, तर स्लर्म आधी थांबण्याची सूचना देतो आणि साधारण ३० सेकंदांनी जॉब सक्तीने बंद करतो, आणि आपल्या साध्या प्रोग्राममध्ये ती सूचना हाताळण्याची सोय नसल्यामुळे मेमरीत साठलेली उत्तरे तशीच नाहीशी होतात. प्रत्येक वर्षाचे गणित झाल्यावर साठलेले लगेच फाइलीत लिहायला लावणाऱ्या एफफ्लशची एक ओळ घातली की हे टळते. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ती ओळ असावी असा मी आता आग्रह धरतो.

फाइलींच्या परवानग्या आणि जागेचा कोटा यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, आपली डिरेक्टरी इतरांना वाचता येते का हे पहिल्याच दिवशी तपासून तिची परवानगी ७००, म्हणजे फक्त स्वतःपुरती, करून घ्यावी आणि कोटा भरत आला असेल तर जुनी आउटपुट आधी हलवावी, कारण जागा संपल्यावर जॉब चालू राहिला तरी त्याची उत्तरे अर्धवट लिहिली जातात.

ज्यांचा प्रोग्राम दिवसातून एकदा, काही सेकंद चालतो, त्यांनी या खटाटोपात पडू नये, त्यांना स्वतःच्या लॅपटॉपवरील जीसीसी उत्तम आहे. ज्यांना तोच प्रोग्राम हजारो वेळा, निरनिराळ्या आकड्यांवर चालवायचा आहे, त्यांनी मात्र सर्व्हरवरील खात्यासाठी अर्ज अवश्य करावा, मग त्यांचे महाविद्यालय विद्यापीठापासून कितीही दूर असो. आमच्या सर्व्हरवरील खात्याच्या नूतनीकरणाच्या अर्जासोबत आम्ही प्रणाली अद्ययावत करण्याची आणि टर्बो सीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पानी मराठी मार्गदर्शिका ठेवण्याची विनंती जोडली आहे, आणि त्या पानाचा पहिला मसुदाही आम्हीच तयार करून दिला आहे.