ला सेल्वा: केंद्र उत्तम, दौऱ्याची आखणी मात्र सदोष

मी मूळची साताऱ्याची असून सध्या अमेरिकेतील एका विद्यापीठात जीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गेल्या जूनमध्ये आमच्या वर्गातील बारा जणांचा अभ्यासदौरा कोस्टा रिकातील ला सेल्वा जीवशास्त्र केंद्रावर गेला होता. माझ्या ओळखीतील अनेक विद्यार्थी अशा दौऱ्यांविषयी विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सारापिकी आणि प्युर्तो व्हिएहो या नद्यांच्या संगमाजवळ हे केंद्र वसले आहे. वनशास्त्रज्ञ लेस्ली होल्ड्रिज यांच्याकडून ही जमीन ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या संस्थेने १९६८ मध्ये विकत घेतली. आज तिचे क्षेत्र सुमारे १,६०० हेक्टर आहे. वर्षाला इथे साधारण ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीत याहून जास्त पडतो, पण तो मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडून जातो; इथे कोरडा म्हणावा असा महिनाच नाही.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे इथले जंगल मोजून ठेवलेले आहे. पायवाटांवर दर ५० मीटरला वाटेचे नाव आणि अंतर लिहिलेली खूण असते, त्यामुळे पहिल्या दिवशी पाहिलेले वारूळ चौथ्या रात्री भर पावसात पुन्हा नेमके सापडते. थोड्या दिवसांत एखादा प्रश्न हाती घेऊन तडीस न्यायचा असेल, तर या सोयीचे मोल फार मोठे आहे.

आमच्या तिघींच्या गटाने पाने कापणाऱ्या मुंग्या निवडल्या. या मुंग्या पाने खात नाहीत. ती वारुळात नेऊन त्यांवर बुरशीची शेती करतात. कामकरी मुंगी पानाचा तुकडा डोक्यावर उभा धरून चालते आणि कित्येकदा त्या तुकड्यावर तिळाएवढी एक धाकटी मुंगी बसलेली दिसते. फोरिड कुळातील माशी ओझे वाहणाऱ्या मुंगीच्या शरीरात अंडी घालते आणि वर बसलेली धाकटी तिला हुसकावते, असे आम्ही वाचले होते. ही माशी मुख्यतः दिवसा हल्ला करते. तेव्हा रात्री या स्वार मुंग्या जवळजवळ नसाव्यात, अशी आमची अटकळ होती. लाल प्रकाशाच्या विजेरीत गुडघ्यांवर बसून आम्ही मोजणी केली, तर रात्रीही त्या पानांवर होत्याच; एक तर पानाच्या कडेवरून तोंड फिरवत सावकाश पुढे सरकत होती. दुसऱ्या दिवशी भोजनगृहात शेजारी बसलेल्या एका संशोधिकेने सांगितले की, वारुळात जाण्याआधी पानावरची नको असलेली बुरशी साफ करणे हेही या मुंग्यांचे काम असू शकते. आमचा अर्धा अहवाल त्या जेवणावर उभा आहे. अनुभवी संशोधक आणि नवखे विद्यार्थी एकाच पंगतीला बसतात, हे मला इथल्या प्रयोगशाळेइतकेच मोलाचे वाटले.

तक्रार आहे ती दौरा आखणाऱ्या कंपनीबद्दल. पत्रकात दहा दिवसांचे क्षेत्रकाम लिहिले होते, प्रत्यक्षात सहाच दिवस मिळाले. उरलेले ज्वालामुखी, गरम पाण्याचे झरे आणि खरेदी यांत गेले. त्याहून गंभीर बाब म्हणजे नमुने गोळा करण्याच्या परवान्याची व्यवस्था वेळेत झालेली नव्हती. परवान्याशिवाय नमुने घेता येत नाहीत आणि तसेच असायला हवे, पण त्यामुळे बुरशीवर काम करू पाहणाऱ्या आमच्या सोबत्यांना ऐन वेळी विषय बदलावा लागला. महिनोन्महिने तयारी केलेल्या त्या दोघांचे पडलेले चेहरे मी विसरू शकत नाही. पाचपैकी केंद्राला मी पाच गुण देईन, कंपनीला दोन.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ आहे. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही: भात, काळा घेवडा आणि तळलेली केळी रोज असतात, आणि सकाळचा गायो पिंतो म्हणजे घेवडा घालून परतलेला भात मला आपल्या फोडणीच्या भातासारखाच जवळचा वाटला. फक्त तिखटाची सवय असलेल्यांनी चटणीची पुडी सोबत ठेवावी.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट अत्यावश्यक आहेत, कारण तेर्सिओपेलो हा अत्यंत विषारी साप इथे पायवाटांवरही आढळतो. तोल गेला तरी झाडाच्या खोडाला न पाहता हात लावू नये. बुलेट मुंगीचा डंख दिवसभर ठणकतो. कपडे वाळत नाहीत, शाई फुटते, म्हणून नोंदींसाठी पेन्सिल आणि न भिजणाऱ्या कागदाची वही न्यावी. पैसे भरण्यापूर्वी आयोजकांकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: एकाच केंद्रावर सलग किती रात्री मुक्काम आहे, आणि परवाना कोणाच्या नावाने, कोणत्या कामासाठी मिळाला आहे.