विमानाचा सातबारा

विमानातला हिस्सा घेण्यात पंधरा हजार डॉलर गेले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना 'शेवटी मिळाले का?' ही उत्सुकता नको. नाही मिळाले. कोर्टात जिंकलो, तरी नाही मिळाले.

मी टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला राहतो. नोकरी सॉफ्टवेअरमधली, व्हिसा एच-वन-बी. २०२१ मध्ये हौसेनं प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं. परदेशी माणसाला त्याआधी बोटांचे ठसे देऊन सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते, तीही रीतसर घेतली. म्हणजे कागदपत्रांचा मला कंटाळा होता असं नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

इथल्या हौशी वैमानिकांत 'शंभर डॉलरचा बर्गर' असा शब्दप्रयोग आहे. शनिवारी उडायचं, शंभरेक मैलांवरच्या छोट्या विमानतळावर उतरायचं, बर्गर खायचा, परत यायचं. आता ते शंभरात भागत नाही. मला भाड्याचं सेस्ना १७२, म्हणजे चार सीटांचं छोटं विमान, तासाला १६० डॉलरला पडायचं. म्हणून चार-पाच जण मिळून एक विमान घेतात. हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी सगळं वाटून जातं. पद्धत चांगलीच आहे. माझ्या ओळखीचे दोघं अशा भागीदारीत कित्येक वर्षं विनातक्रार उडताहेत.

तर २०२२ च्या मार्चमध्ये १९७५ सालच्या सेस्ना १७२ चा चतुर्थांश हिस्सा विकायला असल्याचं कळलं. हिस्सा पंधरा हजार, महिन्याला १५० डॉलर, शिवाय उडाल तितक्या तासांचे ७५ डॉलर, पेट्रोल धरून. त्या ७५ मधले १५ 'इंजिन फंडा'त. हा फंड भागीदारीचा कणा असतो. या विमानातलं लायकमिंग इंजिन साधारण २,००० तासांनी पूर्ण खोलून नव्यासारखं करावं असं कंपनी सांगते, आणि त्याचा खर्च तीस हजारांच्या पुढे सहज जातो. आमच्या इंजिनाचे १,४८० तास झाले होते. फंडात १९,००० जमा आहेत, असं विकणारा म्हणाला. एक्सेलमध्ये दाखवलेही. बँकेचं स्टेटमेंट मी मागितलं नाही. एक्सेलमध्ये मी स्वतः दिवसभर आकडे भरतो, तिथे काय वाटेल ते भरता येतं हे मला कुणी शिकवायला नको होतं.

माणूस निवृत्त, मोकळाढाकळा. हँगरमध्ये फ्रीज, जुना सोफा, सतत कॉफी. माझ्या मुलाला पहिल्याच भेटीत डाव्या सीटवर बसवून हेडफोन घातला. 'माणूस चांगला वाटतो' असं बायको घरी येताना म्हणाली होती. आता ती ते नाकारते.

मी तपासलं नाही असं नाही. चारशे डॉलर देऊन बाहेरचा मेकॅनिक आणला. त्यानं लॉगबुकं वाचली, सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघितलं, ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर-शहात्तर, म्हणजे छान. सीटचे रूळ झिजलेत का तेही पाहिलं. या जुन्या सेस्नांमध्ये सीट घसरून अपघात झालेले आहेत. विमान खरोखर चोख होतं. खोट विमानात नव्हतीच.

मग विकणाऱ्यानं विचारलं, 'तुझं ग्रीन कार्ड आलंय का?' नाही म्हटल्यावर हळहळला. म्हणाला, मग कायद्यानं तुझं नाव रजिस्ट्रेशनवर घालता येत नाही. आपण आत्ता दोन पानी करार करू, कार्ड आलं की नाव चढवू.

यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि मी तिथेच फसलो. अमेरिकेत विमान नोंदवायला मालक नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. मी घरी येऊन नियम वाचला, तो खरंच तसा निघाला, आणि मला वाटलं, माणूस किती सरळ आहे, अडचण आधीच सांगितली! नियमाचा पुढचा अर्थ डोक्यात शिरला नाही. अडचण नुसत्या नावाची नव्हती. माझ्यासारखा मालक असेल तर विमानाची नोंदणीच धोक्यात येते, आणि तिच्याबरोबर विमाही. म्हणजे जो हिस्सा मला विकत घेताच येत नव्हता, तो त्यानं मला विकला. एच-वन-बीवाल्यांनी भाड्यानं उडावं, नाहीतर वर्गणी भरून मालकी न देणाऱ्या फ्लाइंग क्लबात जावं. आमच्या रांगेत ग्रीन कार्ड येईपर्यंत ते विमान गंजलं असतं, ही गोष्ट वेगळीच.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात. तिथे अर्धा एकर घ्यायचा तरी आजोबा आधी सातबारा काढायचे, मग फेरफार, आणि 'इतर अधिकार'च्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे का ते बोट ठेवून वाचायचे. नुसत्या साठेखतावर पैसे देणाऱ्याला गावात वेडा म्हणत. माझ्या हातातली दोन पानं साठेखतसुद्धा नव्हती.

विमानाचा सातबारा असतो. ओक्लाहोमा सिटीला, एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या रजिस्ट्रीत. माझ्या घरापासून गाडीनं तीन तास, पण जायचीही गरज नाही. शेपटीजवळचा 'एन'नं सुरू होणारा नंबर त्यांच्या साइटवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते सहसा फुकट दिसतं. विमान चार जणांच्या नावावर असेल तर 'को-ओनर' असं काहीतरी हवं. आमच्याचं 'इंडिव्हिज्युअल' होतं. बोजा मात्र तिथे दिसत नाही. त्यासाठी ओक्लाहोमातल्याच एखाद्या टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासणाऱ्यांकडून, शोध घ्यावा लागतो, शंभरेक डॉलरचं काम. मेकॅनिकला चारशे दिले होते, हे शंभर दिले नाहीत.

इशारे मिळत होते. बुकिंगच्या कॅलेंडरवर चारऐवजी पाच जणांची आद्याक्षरं होती. पाचवा इन्स्ट्रक्टर आहे म्हणाला. विम्याच्या कागदावर 'लॉस पेयी' म्हणून एका बँकेचं नाव होतं. विमा कंपनीची बँक असेल असं वाटून मी पान उलटलं. लॉस पेयी म्हणजे विमान पडलं तर ज्याला आधी पैसे मिळणार तो, अर्थात कर्ज देणारा. ही ओळ मी सात महिन्यांत तीनदा तरी पाहिली असेन.

त्या सात महिन्यांत एकतीस तास उडलो. ते तास छान गेले, खोटं कशाला बोलू.

ऑक्टोबरमध्ये विमान वार्षिक तपासणीला वर्कशॉपमध्ये गेलं आणि तीन आठवडे आलंच नाही. विकणारा फोन उचलेना, म्हणून मी स्वतः गेलो. तिथला मेकॅनिक म्हणाला, मागच्या वर्षीचं बिलही थकलंय, ८,७०० डॉलर मिळाल्याशिवाय विमान सोडणार नाही. मी इंजिन फंडाचं विचारलं. 'कुठला फंड?' त्याच दुपारी तिथे आणखी एक गृहस्थ चौकशीला आले. त्यांच्याकडेही दोन पानं, तोच मजकूर, चतुर्थांश हिस्सा. आम्ही तिथेच पायरीवर बसून मोजदाद केली. मालकाचा धरून पाच चतुर्थांश झाले.

मग बोजाच्या शोधाचे ते शंभर डॉलर भरले. २०१६ पासूनचा बँकेचा बोजा, फेडल्याची नोंद नाही. डिसेंबरात वर्कशॉपचं बिल भागवून बँकेनं विमान उचललं.

वकील म्हणाला, विमानावर तुझा हक्क शून्य. माणसावर दावा लाव, पण 'मी मालक होतो' असं मोठ्यानं म्हणू नकोस. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात वीस हजारांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय चालवता येतो. चालवला. तो आलाच नाही, एकतर्फी निकाल माझ्या बाजूनं लागला. आणि मग कळलं की टेक्सासात असल्या साध्या देण्यासाठी राहतं घर विकायला लावता येत नाही आणि पगारही कापता येत नाही. बँक खात्यावर टाच आणता येते, पण त्या खात्यात तेव्हा ४१ डॉलर होते. निकालाचा कागद माझ्याकडे आहे. शिक्का उत्तम उमटलाय.

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मुलानं विचारलं, ऑस्टिनकडे एका विमानाचा पाचवा हिस्सा मिळतोय, घेऊ का? त्याचं ग्रीन कार्ड झालंय, म्हणून मी फक्त 'एन' नंबर मागितला. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: विकणारा म्हणतो, नंबर प्रत्यक्ष भेटल्यावर देईन.

विमानावर फूटभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेला असतो तो नंबर.