सावलीतलं शेफ्लेरा, सव्वा वर्षानंतर

आमचं घर बेळगावातल्या शहापुरात, परड्यात जुना फणस आणि पलीकडं शेजाऱ्यांची तीन मजली भिंत, त्यामुळं ऊन म्हणजे सकाळी तासभर, तेवढंच. गुलाब गेला, जास्वंद नुसती पानंच देत बसली, शेवटी गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ड्वार्फ (म्हणजे बुटक्या) शेफ्लेराची, या शोभेच्या झुडपाची, चार रोपं आणली, दोन साधी हिरवी आणि दोन पिवळ्या शिंतोड्यांची. एका देठावर सात-आठ पानं छत्रीच्या काड्यांसारखी गोल, दिसायला झकास.

नर्सरीवाला म्हटला रोज पाणी घाला. तिथंच चुकलं. त्यात एक रोप नेमकं कौलाच्या पागोळ्यांखाली लावलेलं आणि बेळगावचा जुलै तुम्हाला माहीत आहेच. खालची पानं पिवळी पडून हात लागला की गळायची, मला वाटलं ऊन कमी पडतंय म्हणून. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची आणि गटाराचा वास. सावलीनं नाही हो, पाण्यानं मेलं ते.

उरलेली तीन मग विटांचे तुकडे, वाळू आणि शेणखत घालून उंचवट्यावर लावली. आता बोट दोन पेरं आत घालते, कोरडं लागलं तरच पाणी.

शिंतोडेवाल्यांचं म्हणाल तर नवीन पानं हिरवीच यायलीत. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी, अंधारात त्याचं भागत नाही, मग हिरव्या फांद्याच जोर धरतात. दाट सावली असेल तर जास्तीचे पैसे घालू नका, साधं हिरवंच घ्या.

फेब्रुवारीत पानं चिकट झाली, वर काळी काजळी, मुंग्यांची रांग. देठाला चिकटून रस शोषणारी खवले कीड होती. जुन्या टूथब्रशनं घासून काढली, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि साबणाचे चार थेंब, दर आठवड्याला, महिनाभर. गेली.

मांजर-कुत्रं पान चावत असेल तर मात्र लांब ठेवा, तोंडाची आग होते त्यांच्या.

आणि ड्वार्फ हे मोठ्या शेफ्लेराच्या मानानं बरं का, जमिनीत सोडलं तर हेही दहा फुटांवर जातं. आमचं एक आत्ताच स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकलंय, रविवारी शेंडा छाटून त्याच फांद्या वाळूत लावणार, मेलेल्याची जागा अजून रिकामीच आहे.