मुलांसोबत कोणता लावायचा: 'हर्क्युलिस' की 'सिंदबाद'?

ग्रीक पुराणांवरचा ॲनिमेशनपट घरच्यांसोबत बघायचा म्हटलं, की डिस्नेचा 'हर्क्युलिस' (१९९७) हमखास आठवतो. त्याच्या बाजूला ड्रीमवर्क्सचा 'सिंदबाद: लेजंड ऑफ द सेव्हन सीज' (२००३) ठेवून पाहा. दोन्ही दीड तासाच्या आसपासचे, दोन्ही मुख्यतः हाताने रेखाटलेले आणि दोन्ही धड जमलेले नाहीत. पण ते फसलेत वेगवेगळ्या जागी.

'हर्क्युलिस' फसतो तो खुद्द हर्क्युलिसपाशी. बलवान, गुणी, भाबडा, बस्स. सिनेमा तगतो हेडीसच्या जिवावर. पाताळाचा हा देव जेम्स वूड्सच्या आवाजात गिऱ्हाईक पटवणाऱ्या दलालासारखा भराभर बोलत सुटतो. डोक्यावर केसांऐवजी निळी ज्योत, संतापला की तिचा लालभडक भडका. त्याचे दोन चेले हर्क्युलिसचा काटा काढण्यात सपशेल नापास झालेले. तो गावोगावी गाजायला लागल्यावर त्यातला एक हर्क्युलिस-छाप सँडल घालून उभा असतो आणि दुसरा हर्क्युलिस-छाप पेल्यातून फुर्र फुर्र पीत असतो. हेडीसचं लक्ष जातं आणि स्फोट होतो. सिनेमांची खेळणी विकून गल्ला भरणाऱ्या डिस्नेने इथे स्वतःचीच टोपी उडवलीय.

दुसरी जमेची बाजू म्हणजे नायिका मेग. प्रियकराला वाचवण्यासाठी तिने आपला आत्मा हेडीसकडे गहाण टाकला आणि तो पठ्ठ्या दुसरीच्या मागे गेला. त्यामुळे प्रेमात पडल्यावरही ती कबूल करायला तयार नाही, आणि तिचं ते नाकबुलीचं गाणं ॲलन मेनकेनच्या चालींमध्ये मला सगळ्यात आवडतं. ऑस्करचं नामांकन मात्र 'गो द डिस्टन्स'ला मिळालं. व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फच्या टोकदार, वळणदार रेषेमुळे पात्रं इतर डिस्नेपटांपेक्षा वेगळी दिसतात. संगणकावर केलेला हायड्रा हा अनेक डोक्यांचा राक्षस आज उपरा वाटतो.

पुराण कळावं म्हणून लावणार असाल, तर राहू द्या. मूळ कथेत हेरा ही देवांचा राजा झ्यूसची बायको, हर्क्युलिसच्या जिवावर उठलेली. इथे ती त्याची प्रेमळ आई आहे. वेडाच्या झटक्यात हर्क्युलिस मेगारापासून (सिनेमातली मेग) झालेली स्वतःची मुलं मारतो, हा भाग अर्थातच गायब.

'सिंदबाद'ची सरमिसळ याहून धाडसी. अरबी गोष्टींमधला खलाशी उचलून थेट सिराक्यूझ या ग्रीक शहरात आणलाय, अरबी जगाचा मागमूस नाही. हे आजही खटकतं. कलहाची देवी एरिस शांतिग्रंथ पळवते, आळ सिंदबादवर येतो आणि त्याचा बालमित्र प्रोटियस स्वतःची मान जामीन ठेवतो. सिंदबाद ग्रंथ घेऊन परतला नाही, तर प्रोटियसचा शिरच्छेद. डेमन आणि पिथियसच्या जुन्या ग्रीक कथेचा हा गाभा 'हर्क्युलिस'च्या कथेपेक्षा कितीतरी भक्कम आहे. नायक कितपत खरा, हा प्रश्न इथे शेवटपर्यंत टांगता राहतो.

यातला सायरन्सचा प्रसंग चुकवू नका. पाण्याच्याच बनलेल्या त्या बाया गायला लागतात, जहाजावरचे झाडून सगळे पुरुष खुळावतात आणि भान राहतं ते प्रोटियसच्या वाग्दत्त वधूला, एकट्या मरीनाला. कडेकपारींतून जहाज तीच काढते. बाकी सिनेमात गाणी नाहीत. संगणकाची जहाजं आणि राक्षस हाताच्या चित्रांत मिसळत नाहीत, ही खोट 'हर्क्युलिस'पेक्षा ठळक. तिकीटबारीवर तो असा आपटला, की ड्रीमवर्क्सने हाताने रेखाटलेले सिनेमे काढणंच सोडलं.

घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल, तर 'हर्क्युलिस' लावा. गाणी आणि पेगॅसस हा पंखवाला घोडा त्याला धरून ठेवतील. मृतात्म्यांच्या नदीपाशी तेवढं जवळ बसा. दहाच्या पुढच्यांना 'सिंदबाद', आणि मित्रासाठी कोण कुठवर जाईल यावर वाद घालायला त्यांना मोकळं सोडा. मोठ्यांनाच एखादा पुन्हा बघायचा असेल, तर माझं मत हेडीसला. फक्त आवाज मूळ इंग्रजीच ठेवा. वूड्सच्या त्या सुसाट बोलण्यातच अर्धी मजा आहे.