दोन भागांची स्टोमा बॅग: तीन महिने रोज हाताळून

सांगोल्यात माझं शिवणकाम आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळांचे गणवेश. आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढतात त्याला स्टोमा म्हणतात, आणि त्यातून येणारा मैला या बॅगेत जमतो. ही बॅग घ्यायची वेळ आली तेव्हा मला विचारायला कोणी भेटलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या यांना टायफॉइड झाला. ताप उतरायचा, परत चढायचा. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पोटात अशी कळ आली की पाय पोटाशी घेऊन आडवेच झाले. पोट फळीसारखं कडक. सोलापूरला नेलं, उभं करून एक्स-रे काढला. श्वासपटलाखाली हवा दिसतेय, म्हणजे आतड्याला भोक पडलंय, असं डॉक्टर म्हणाले. टायफॉइडचे व्रण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतात आणि बहुतेक वेळा तिसऱ्या आठवड्यातच फुटतात. त्याच रात्री ऑपरेशन झालं. पोटात घाण पसरलेली, आतडं सुजलेलं. जोडून आत ठेवलं तर टाके धरतील याची खात्री नव्हती. म्हणून आतडं उजवीकडे पोटावर बाहेर काढून ठेवलं. विरलेल्या कापडावर टाका धरत नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

घरी सोडताना साधी, एका भागाची बॅग लावून दिली. भोक आधीच कापलेलं, स्टोमाच्या जवळजवळ दीडपट. तिसऱ्या दिवशी भोवतीची कातडी लाल झाली, पाचव्या दिवशी सोलली. लहान आतड्यातून येणारा मैला पातळ असतो आणि त्यात अन्न पचवणारे रस असतात. उघडी कातडी सापडली की ते तीही जाळतात. बॅग बदलताना हे उशी दातात धरायचे. त्या दिवसांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण एक माप नीट घेतलं असतं तर ते सगळं टळलं असतं.

मग वॉर्डातल्या एका सिस्टरनी दोन भागांची बॅग घ्यायला सांगितलं. यात कातडीला चिकटणारी चकती, म्हणजे वेफर, वेगळा आणि त्याच्या कडीवर बसणारी पिशवी वेगळी. पिशवी काढून धुता येते, वेफर तीन-चार दिवस जागचा हलत नाही. बॉक्सवर 57 लिहिलेलं असतं. तो कडीचा आकार, मिलिमीटरमध्ये. भोकाचं माप नव्हे. वेफर आणि पिशवी दोन्हींवर एकच आकडा हवा, आणि कंपनीही एकच. मी पहिल्यांदा नुसती पिशवी आणली ती 70ची निघाली.

भोक आपण कापायचं. मी पुठ्ठ्याचा फर्मा केला, ब्लाउजच्या गळ्याला करते तसा. स्टोमापेक्षा चारी बाजूंनी 2 मिलिमीटर मोठं, त्याहून जास्त नाही. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून जुन्या फर्म्यावर विसंबू नका. आमचा 38 वरून 30 वर आला. कापल्यावर कडेवरून बोट फिरवून खडबडीतपणा घालवायचा, वेफर दोन तळव्यांत धरून कोमट करायचा, मग लावायचा. कातडी साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी. तेल नाही, डेटॉल नाही. सोललेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरून जास्तीची झटकून टाकायची. हे काम पहाटे, चहाच्या आधी करायचं, तेव्हा मैला कमी येतो. असं सुरू केल्यावर दहा दिवसांत कातडी भरून आली.

स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओला दिसतो. पुसताना रक्ताचा ठिपका आला तरी घाबरू नका. स्पर्श केला तर दुखत नाही. निळा-काळा पडला तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आता कमी काय ते. ऑक्टोबरच्या उन्हात घामाने वेफर दोन दिवसांत सुटायचा. प्लास्टिक पोटाला चिकटून रॅश आली, तर मी अस्तराच्या कापडाची कव्हरं शिवली. प्लास्टिकचा आवाजही थांबला आणि हे लोकांत बसू लागले. सांगोल्यात माल मिळाला नाही, सोलापूरहून आणावा लागला. ऑपरेशन योजनेत बसलं, पण पिशव्यांचा महिन्याचा तीन हजारांवर खर्च पदरचा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, नाहीतर वजनाने वेफर ओढला जातो. रात्री एकदा उठावंच लागतं.

एक गोष्ट बॅगेची नाही, तरी सांगते. पिशवी रिकामी करताना मापाच्या भांड्यात मोजा. एका दिवशी दीड लिटरच्या वर गेलं आणि यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. मी साधं पाणी पाजत होते. डॉक्टरांनी ओआरएस द्यायला लावलं आणि भात, केळं, दही वाढवायला सांगितलं. शेंगदाणे आणि मक्याचं कणीस पूर्ण बंद, ते वाटेत अडकतात.

पाचपैकी चार देते. एक कापला तो किमतीसाठी.

नोव्हेंबरात आतडं परत जोडलं. उरलेले 57चे चार वेफर, पिशव्या आणि तीन कव्हरं धुऊन, इस्त्री करून त्याच सिस्टरकडे दिली. त्यांनी ती माझ्यासमोरच खिडकीजवळच्या पेशंटच्या बायकोच्या हातात ठेवली, आणि मी तिला फर्मा कापून दाखवला.