छोट्या ड्रोनसाठी फायबरग्लास की कार्बन? काही महिने दोन्ही वापरल्यावर

माझ्याकडे घरी बनवलेले दोन ड्रोन आहेत, एक तीन इंची प्रॉपचा (प्रॉप म्हणजे पंखा) आणि एक पाच इंचीचा. दोन्हींवर मी गेले काही महिने दोन्ही प्रकारच्या फ्रेम आलटूनपालटून वापरल्या. मोटर, इएससी (मोटरचा वेग ठरवणारा बोर्ड), फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन सावरणारा बोर्ड) सगळं तेच ठेवून फक्त फ्रेम बदलायची. फायबरग्लास म्हणजे इथे काचेचे धागे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्यात) बसवलेलं जी-१० किंवा एफआर-४ शीट, ज्यावर सर्किट बोर्ड बनतात तेच. त्याच्याकडे ‘कार्बन परवडत नाही म्हणून’ अशा नजरेनेच पाहिलं जातं. तीन इंचीवर तरी ती नजर मला आता पटत नाही.

दोन्हीतला खरा फरक ताठपणाचा आहे. विणलेल्या कार्बनचं शीट त्याच जाडीच्या जी-१० पेक्षा धाग्याच्या दिशेने साधारण तिप्पट ताठ असतं. वजनातही कार्बन हलकं: घन सेंटिमीटरला साधारण १.५ ते १.६ ग्रॅम, तर जी-१० चं साधारण १.८५. आता वाकण्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे ३ मिमी कार्बनची बरोबरी करायला जी-१० चं शीट साधारण सव्वाचार मिमी लागतं, तिप्पट जाड नाही. पण त्या जाडीला आर्मचं (मोटर धरणाऱ्या दांडीचं) वजन सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढतं, आणि तेही मोटरच्या बाजूला, जिथे ते सगळ्यात जास्त खटकतं. रोल-फ्लिप (हवेतल्या कोलांट्या) आळशी होतात.

तीन इंचीवर हे का जाणवत नाही, तर लांबीमुळे. टोकाला तेवढाच जोर दिला तर आर्म किती वाकेल हेसुद्धा लांबीच्या घनावर ठरतं. आर्म दीडपट लांब झाला की तो तिपटीहून जास्त वाकतो. तीन इंचीचे आर्म आखूड, मोटर हलक्या, प्रॉपचा जोरही कमी. तिथे ३ मिमी जी-१० लावून उडवलं तेव्हा हातात काही फरक कळला नाही. ब्लॅकबॉक्सचा लॉग (उड्डाणाची नोंद) उघडल्यावर कळला, पण ट्यून (कंट्रोलरच्या प्रतिसादाची सेटिंग) थोडी खाली घेऊन प्रकरण मिटलं.

पाच इंचीवर मात्र प्रकरण मिटलं नाही. त्याच जाडीचा जी-१० आर्म लावला की फ्रेमची स्वतःची कंपनसंख्या (ठोकल्यावर ती ज्या सुरात थरथरते तो) साधारण चाळीस टक्क्यांनी खाली येते. मोटर मिनिटाला १२,००० फेऱ्या घेत असेल तर तिची कंपनं २०० हर्ट्झला असतात. ताठ फ्रेम याच्या बऱ्याच वर जाऊन गुणगुणते आणि तिथे फिल्टरने तिला सहज गप्प करता येतं. मऊ फ्रेम थेट कामाच्या पट्ट्यात, म्हणजे मोटरच्या कंपनांच्या आसपास, येऊन बसते. मग जायरोवरचा (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवरचा) गोंगाट डी-टर्ममधून (ट्यूनमधल्या झटके दाबणाऱ्या भागातून) मोटरपर्यंत जातो, मोटर गरम होतात, त्या वाचवायला फिल्टर खाली ओढावे लागतात, आणि फिल्टर खाली ओढले की प्रतिसादाला उशीर होऊन खाली उतरताना प्रॉपवॉश (स्वतःच्याच प्रॉपने ढवळलेल्या हवेत होणारी थरथर) वाढतो. आरपीएम फिल्टर मोटरच्या फेऱ्यांवरून तिचे सूर कापतो, फ्रेमचा सूर त्याला दिसतच नाही. तो डायनॅमिक नॉचवर (गोंगाट शोधून तेवढाच कापणाऱ्या दुसऱ्या फिल्टरवर) सोडावा लागतो. पाच इंचीचे आर्म कार्बनचेच हवेत, हे माझं मत याच लॉगमुळे पक्कं झालं.

आपटण्याच्या बाबतीत उलटं. काचेचा धागा तुटायच्या आधी कार्बनच्या धाग्यापेक्षा दुप्पट-तिप्पट ताणला जातो, त्यामुळे जी-१० चिवट असतं. आर्म वाकतो, धक्का गिळतो, परत येतो. जास्तच लागलं तर त्या जागी पांढरा डाग उमटतो, म्हणजे आत थर सुटायला लागले आहेत. हा डाग मला फार आवडतो, कारण शीट स्वतःच सांगतं कुठे दुखतंय ते. कार्बन सांगत नाही. वरून काळं आणि चकचकीत, आत थर सुटलेले, आणि पुढच्या वेळी फुल थ्रॉटल दिल्यावर मोटरच्या स्क्रूपाशी सरळ दुभंगतं. आता मी प्रत्येक क्रॅशनंतर कार्बनच्या आर्मवर नाण्याने टकटक करून ऐकतो. निरोगी भाग खणखणीत वाजतो, सुटलेला भाग बद्द.

पण जी-१० बद्दल एक गोष्ट महिन्यांच्या वापरानंतरच कळते: ते हळूहळू थकतं. वारंवार वाकून पांढरे डाग वाढत गेले की आर्म तुटत नाही, नुसता मऊ होतो. नवीन फ्रेमवर बसवलेली ट्यून जुन्या फ्रेमवर थरथरायला लागते आणि आपण बेअरिंग, प्रॉप, स्क्रू असं सगळं तपासत बसतो. डाग मोटरच्या पायथ्यापर्यंत आला की आर्म बदलून टाकावा.

विजेचा मुद्दा वेगळाच. कार्बनमधून वीज जाते. शीटच्या पृष्ठभागावर रेझिनचा थर असल्याने वरवर कळत नाही, पण कापलेल्या कडा आणि भोकं उघडी असतात. बॅटरीच्या वायरचं आवरण कडेवर घासलं की फ्रेमच जिवंत होते. जोडणी झाली की बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर घेऊन बॅटरीच्या वायरची दोन्ही टोकं आणि फ्रेम यांच्यात कंटिन्युइटी (वीज जाण्याचा मार्ग) तर नाही ना, हे बघायलाच हवं. कडांवर पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपरग्लू) फिरवलं तर धागे सुटणं थांबतं, वीज अडवायला मात्र त्यावर विसंबू नये.

हीच गोष्ट अँटेनाला नडते. २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर कार्बनच्या दोन प्लेटांमध्ये दडवला की लिंक क्वालिटी (रिमोटशी संपर्काची प्रत) काही दिशांना सपकन पडते. फायबरग्लासमधून रेडिओ लहरी आरामात जातात. विमानांच्या रडारवरची टोपणं उगाच त्याची बनवत नाहीत. जीपीएस आणि रिसीव्हर दोन्ही वरच्या जी-१० प्लेटखाली चिकटवले, तेव्हापासून अँटेनासाठी बाहेर काड्या उभ्या करणं बंद झालं. शिवाय क्रॅशमध्ये अँटेना तुटत नाही, हा फायदा वर.

घरी कापायचं असेल तर दोन्ही वाईट. दोन्हींची धूळ छातीला घातक, त्यामुळे पाणी टाकत, मास्क लावूनच कापायचं आणि बिट कार्बाइडचं घ्यायचं. काचेच्या धुळीने हाताला खाज सुटते. कार्बनची धूळ वीज वाहून नेते, म्हणून ती बोर्डांच्या टेबलाजवळ अजिबात नको.

कापताना विणीची दिशा बघणं हे जाडीइतकंच महत्त्वाचं आहे. विणलेलं शीट धाग्याच्या दिशेने ताठ असतं, पंचेचाळीस अंशांत बरंच मऊ. अखंड एक्स फ्रेम शीटच्या कडांना समांतर मांडून कापली की चारही आर्म नेमके मऊ दिशेला जातात. सुटे आर्म धाग्याच्या रेषेत कापले तर तेच शीट वेगळंच वागतं.

आणि ‘कार्बन’ म्हणून मिळालेलं शीट कार्बनच आहे का हेही बघून घ्या. आत फायबरग्लास आणि वर-खाली कार्बनचा एकेक थर अशी शीटं असतात. कड भिंगाखाली धरा, नाहीतर तुकड्याचं वजन भागिले घनफळ काढा. १.७ च्या वर आकडा गेला की शंका घ्या.

सध्या तीन इंचीवर पूर्ण जी-१० आहे. पाच इंचीवर आर्म आणि खालची प्लेट कार्बन, वरची प्लेट जी-१०. खालच्या कार्बन प्लेटला अ‍ॅल्युमिनियमचे स्टँडऑफ (दोन प्लेटांमधले खांब) टेकतात, आणि ओल लागली की त्या जोडावर अ‍ॅल्युमिनियम गंजतं. तिथे नायलॉनचे वॉशर घातले आहेत, ओल्या गवतात उतरल्यावर स्टँडऑफ पुसूनही घेतो.